कुठल्या तळ्याकाठी?

तळ्याकाठी एक लहानसे घर घ्यायचे असे आमच्या घरात गेल्या वर्षी ठरले, आणि ठरल्याबरोबर आम्ही घरे पाहायला सुरुवात केली. चूक तिथेच झाली. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत आम्ही कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या चार दिशांना जाऊन अकरा घरे पाहिली; एकीकडची शेकोटी आवडली, दुसरीकडचा लाकडी सज्जा आवडला, तिसरीकडे मुलांना थेट पाण्यात उडी मारता येईल असा धक्का होता, आणि दर वेळी परतीच्या वाटेवर आम्ही नवराबायको गाडीत वाद घालत आलो. वादाचे कारण फार उशिरा ध्यानात आले. आम्ही घरांची तुलना करत होतो, पण ती घरे ज्या मुलखांत होती ते मुलूखच एकमेकांपासून इतके वेगळे होते की तुलनेला काही अर्थ उरत नव्हता. स्वयंपाकघर पाडून नवे बांधता येते, छप्पर बदलता येते. तळे बदलता येत नाही, तळ्याकडे जाणारा रस्ता बदलता येत नाही, आणि त्या तळ्याचे पाणी ज्याच्या हुकमाने चढते-उतरते त्याच्यापुढे तर आपले काहीच चालत नाही. म्हणून नोव्हेंबरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि क्रम उलटा केला: आधी मुलूख, मग तळे, आणि घर सर्वांत शेवटी. त्या हिवाळ्यात जे वाचले, ज्यांना विचारले आणि पुन्हा जाऊन जे पाहिले, ते इथे लिहून ठेवते आहे.

ओंटारियोत अडीच लाखांहून अधिक तळी आहेत हे ऐकले की भारतातल्या नातेवाइकांना वाटते, मग अडचण कसली, कुठल्याही एका काठावर जाऊन बसावे. प्रत्यक्षात टोरोंटोच्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्रीच्या जेवणापर्यंत गाठता येतील अशी तळी चार-पाच पट्ट्यांतच आहेत. शिवाय इथे ‘कॉटेज’ म्हणतात ते मुळात उन्हाळी घर. मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुटीत ते उघडायचे आणि ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगला नळांतले पाणी पूर्ण काढून बंद करायचे, कारण थेंबभर राहिले तरी ते गोठून नळ फोडते. बारमाही घरे वेगळी. त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा बर्फ हिवाळ्यात काढला जातो, आणि कर्ज देणारेही या दोन जातींत काटेकोर फरक करतात. उन्हाळी घराला कर्ज देताना त्यांचा हात आखडतो.

आमच्या अटी साध्या होत्या. टोरोंटोला लागून असलेल्या आमच्या मिसिसागाहून अडीच तासांच्या आत, पोहता येईल असे पाणी, आणि निवृत्तीपर्यंत फिटेल इतकेच कर्ज. आणखी एक अट होती, पण ती आम्ही यादीत लिहिलीच नव्हती. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या सुपर व्हिसावर सोलापूरहून येतात आणि उन्हाळाभर आमच्याकडे राहतात. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, आणि गुडघ्यांबद्दल त्या स्वतःहून कधी बोलत नाहीत. अकरापैकी नऊ घरे पाहताना त्या ‘तुम्ही बघून या’ असे म्हणत गाडीतच बसून राहिल्या, आणि आम्हाला वाटले की त्यांना कंटाळा आला असावा.

काही मुलूख एका संध्याकाळीच बाद झाले. जॉर्जियन बेच्या पूर्व काठावर ज्याला ‘थर्टी थाउजंड आयलंड्स’ म्हणतात तो बेटांचा पसारा आहे. गुलाबी ग्रॅनाइट, वाऱ्याने एका बाजूला झुकलेले पाइन, आणि ओंटारियोतला एकमेव विषारी साप मॅसासॉगा. सापाची भीती आमच्यापैकी कुणालाच नव्हती, पण तिथल्या पुष्कळ घरांना रस्ताच नाही, सामान होडीने न्यावे लागते, आणि आमच्या घरात होडी हाकणारे कुणी नाही. ईरी सरोवराच्या उत्तर काठावर किमती कमी दिसल्या. त्याचे कारण म्हणजे तिथले मातीचे आणि वाळूचे उंच कडे लाटांनी खचत जातात, आणि २०१९ मध्ये त्या सरोवराची पातळी विक्रमी चढली तेव्हा काठावरच्या लोकांची झोप उडाली होती. लेक सिम्को घरापासून सव्वा तासावर, पण त्याच्या दक्षिण काठावर आता टोरोंटोचीच उपनगरे पोहोचली आहेत. शेतांतून आणि गावांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसमुळे त्या सरोवराची अवस्था इतकी बिघडली होती की त्याच्या रक्षणासाठी प्रांताला २००८ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जवळ असणे एवढा एकच गुण आम्हाला पुरेसा वाटला नाही.

ह्युरॉन सरोवराचा काठ मात्र मी वेगळ्या कारणाने विसरणार नाही. तिथली वाळू सुंदर आहे, सूर्यास्त पाहण्यासारखे आहेत, आणि अंतर आमच्या मर्यादेच्या थोडेसेच बाहेर होते. तिथल्या कागदपत्रांबद्दल वाचताना मला नोबल विरुद्ध ॲली हा खटला सापडला. ग्रँड बेंडजवळ बीच ओ’ पाइन्स नावाची कॉटेजांची वसाहत आहे. १९३३ साली तिथल्या खरेदीखतांत अशी अट घातली गेली की ज्यू, कृष्णवर्णीय किंवा ‘रंगीत’ वंशाच्या माणसाला ही मालमत्ता विकू नये आणि वापरूही देऊ नये. १९४८ मध्ये ॲनी नोबल यांनी आपले घर बर्नार्ड वुल्फ या ज्यू गृहस्थांना विकायला काढले, शेजाऱ्यांनी हरकत घेतली, खालच्या दोन्ही न्यायालयांनी ती अट उचलून धरली, आणि १९५० च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. रद्द करताना न्यायालयाने ‘हा अन्याय आहे’ असे म्हटले नाही. अट संदिग्ध आहे, आणि तिचा जमिनीच्या वापराशी संबंध नाही, अशी कारणे दिली. ‘रंगीत’ या शब्दात आम्हीही बसलो असतोच. आज कुठल्याही तळ्यावर गेले की धक्क्यावरची अनोळखी माणसे हात हलवून नमस्कार करतात आणि मुलांशी आपणहून बोलतात. तरीही खरेदीखत वाचताना मी आता पहिल्या पानापासून वाचते.

मस्कोका हे नाव टोरोंटोत कुणालाही सांगा, समोरच्याच्या भुवया वर जातात. लेक मस्कोका, लेक रोसो आणि लेक जोसेफ ही तिथली तीन थोरली तळी, आणि त्यांच्या काठावरचे बंगले आमच्या कुवतीच्या इतके बाहेर आहेत की त्यांच्या किमती आम्ही फक्त करमणूक म्हणून वाचल्या. पण त्याच जिल्ह्यात शेकडो लहान तळी आहेत, आणि तिथे आमच्या आवाक्यातले काही ना काही मिळू शकत होते. मुलूख श्रीमंत झाला तोही गमतीने. १८६८ च्या फ्री ग्रँट्स अँड होमस्टेड ॲक्टखाली सरकारने इथे वसायला येणाऱ्यांना शंभर-शंभर एकर जमीन फुकट देऊ केली. लोक आले, झाडे तोडली, नांगर घातला आणि वीतभर मातीखाली त्याचा फाळ ग्रॅनाइटला लागला. शेती बसली नाही. तळ्यांवर आगबोटी १८६६ पासूनच फिरत होत्या, १८७५ मध्ये ग्रेव्हनहर्स्टपर्यंत रेल्वेही आली, आणि ज्यांच्या शेतात काही उगवत नव्हते त्यांनी शहरी पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. सेगवन नावाची आगबोट, जिचा सांगाडा १८८७ सालचा आहे, ती उन्हाळ्यात अजून ग्रेव्हनहर्स्टहून सुटते.

त्या खडकाने शेतकऱ्यांना जसे पिटाळले तसेच तो घर घेणाऱ्यालाही छळतो, फक्त खर्च वेगळ्या नावाने येतो. मलनिस्सारणाची टाकी बसवली तरी तिच्यातले पाणी झिरपायला माती हवी. ती नसते, म्हणून वाळू ट्रकने आणावी लागते. विहीर खणायची तर शंभर-दोनशे फूट दगड भेदावा लागतो. आणि काठ सपाट कधीच नसतो. आम्ही पाहिलेल्या एका घरापासून पाण्यापर्यंत त्रेचाळीस लाकडी पायऱ्या होत्या. मुलगी त्या धावत उतरली, मी मोजत उतरले, आणि आई वर गाडीत होत्या. त्यात २०१९ च्या वसंतात बर्फ वितळताना मस्कोका नदीला आलेल्या पुरामुळे ब्रेसब्रिज आणि हंट्सव्हिल या दोन्ही गावांना आणीबाणी जाहीर करावी लागली होती, हेही वाचनात आले. रस्ता म्हणाल तर सकाळी लवकर निघाल्यास दोन तास आणि उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेतीन, कारण चारशे क्रमांकाच्या महामार्गावर बॅरीपर्यंत सारे शहर आपल्यासोबत निघालेले असते.

मस्कोकाच्या फेऱ्यांतून आम्हाला घर मिळाले नाही, पण एक दुपार मिळाली. ग्रेव्हनहर्स्टमध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांचे जन्मघर आहे. १८९० मध्ये ते तिथे जन्मले, आणि ते घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. गाडीतून कधी न उतरणाऱ्या आई तिथे मात्र उतरल्या. बेथून १९३९ मध्ये चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या जंतुसंसर्गाने वारले, आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले ते आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९४२ मध्ये तेही तिथेच गेले, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. या दोघांची भेट कधी झाली नाही. आई स्मारकात बराच वेळ रेंगाळल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ‘कोटणिसांचं घर आपल्याकडं, यांचं इकडं. आपण उगाच लांब आलो असं वाटत होतं.’ मस्कोका त्यांच्या मर्जीत बसले ते एवढ्याच कारणाने, आणि घर घ्यायला ते कारण पुरेसे नव्हते.

माझे स्वतःचे मन जडले ते हॅलिबर्टनवर. मस्कोकाच्या पूर्वेला असलेला हा डोंगराळ मुलूख, मेपलची दाट झाडी, गावे लहान, दुकाने मोजकी, किमती मस्कोकापेक्षा सौम्य. जुलैमध्ये आम्ही तिथल्या एका तळ्यावरचे लाल छपराचे घर पाहिले. पाणी धक्क्याच्या फळ्यांना टेकलेले, इतके स्वच्छ की तळाचे गोटे मोजता यावेत. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला म्हणून पुन्हा गेलो, तेव्हा तोच धक्का उघड्या दगडांवर उभा होता; पाणी माझ्या उंचीहून खाली गेलेले, आणि मधल्या पट्ट्यात चिखल आणि जुन्या झाडांचे काळे खुंट. विकणाऱ्यांनी फसवले असे म्हणता येणार नाही, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

हे का होते ते समजून घ्यायला मला एक आठवडा लागला, आणि समजल्यावर हसू आले. ओंटारियो सरोवराजवळच्या ट्रेंटनपासून जॉर्जियन बेवरच्या पोर्ट सेव्हर्नपर्यंत ३८६ किलोमीटरचा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग आहे. नद्या आणि तळी कालव्यांनी जोडून तो १९२० मध्ये पुरा झाला. या मार्गावर बोटी चालायच्या तर उन्हाळाभर पाण्याची पातळी राखावी लागते. ते पाणी येते उत्तरेच्या हॅलिबर्टनमधून, जिथे लाकूडतोडीच्या काळात ओंडके वाहून नेण्यासाठी बांधलेले बंधारे होते. ते पुढे जलमार्गासाठी वापरात आले, आणि आज सुमारे पस्तीस तळी ही खरे तर साठवणीची धरणे आहेत. वसंतात ती भरून घेतात, आणि उन्हाळा सरेल तसे गल आणि बर्न्ट या नद्यांवाटे त्यांतले पाणी खाली सोडतात. वरचे तळे उतरते म्हणून खालचे तळे स्थिर राहते.

सोलापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमचे सारे लहानपण उजनी धरणाची टक्केवारी ऐकण्यात गेले. पुण्याकडची धरणे भरून पाणी सुटले का, दौंडचा विसर्ग किती क्युसेक आहे, उजनी ‘प्लस’मध्ये आली का, हे प्रश्न पावसाळ्यात आमच्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे विचारले जातात. एकशे सतरा टीएमसीच्या त्या धरणात निम्म्याहून अधिक साठा मृत धरलेला असल्यामुळे धरण ‘वजा’मध्ये जाते, म्हणजे शून्य टक्क्यांखालीही पाणी असते, हे बाहेरच्यांना पटत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. पाणी कुणी सोडायचे, कुणासाठी सोडायचे आणि ते उतरल्यावर काठावरच्यांनी कोणाकडे बोट दाखवायचे, यावरची भांडणे ऐकतच मी वाढले. आणि इतके असून मी जुलैतल्या भरल्या तळ्याकडे पाहून ‘हे असेच असणार’ असे समजून बसले होते! हॅलिबर्टनमध्ये नैसर्गिक पातळीची तळीही पुष्कळ आहेत, हे खरे. साठवणीच्या तळ्यांवरचे लोकही लांबता येणारे धक्के वापरून मजेत राहतात. पण मला आता प्रत्येक सुंदर तळ्यापाशी गेले की दगडावरची पाण्याची जुनी रेघ आधी दिसते. तिथे बघायला जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की तळे सप्टेंबरअखेर पाहावे, आणि शेजाऱ्याला पातळीबद्दल थेट विचारावे.

खाली राहिले कवार्था. हॅलिबर्टनचे पाणी जिथे येते ती ही तळी: बाल्सम, कॅमेरॉन, स्टर्जन, पिजन, बकहॉर्न आणि त्यांच्या भोवतालची. फेनेलन फॉल्स, बॉबकेजन, लिंडसे ही गावे. टोरोंटोच्या कॉटेजवाल्यांत कवार्थाबद्दल थोडा नाक मुरडण्याचा सूर असतो, आणि आम्हीही तो ऐकून ऐकून हा मुलूख शेवटी ठेवला होता. पाणी उथळ आहे, पाणवनस्पती फार, बोटींची वर्दळ, खडक नाहीत, ‘खरे उत्तर’ नव्हे. यातले बरेचसे खरे आहे. लेक स्कुगॉगची सरासरी खोली दीड मीटरही नाही. झेब्रा मसल नावाचे परके शिंपले या पाण्यात पसरले, त्यांनी पाणी गाळून गाळून स्वच्छ केले, त्यामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचू लागला, आणि जिथे प्रकाश पोहोचला तिथे वनस्पती माजल्या. पाणी स्वच्छ दिसणे आणि पोहायला चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे कळले. ऑगस्टमध्ये काही खाड्यांत पोहणाऱ्याच्या पायांना वेल लपेटल्यासारखे होते, आणि काही वेळा निळ्या-हिरव्या शेवाळाचा इशारा लागतो. तळ्यांची ही प्रकृती कागदावर पाहता येते, कारण ओंटारियोत लेक पार्टनर नावाचा उपक्रम आहे. त्यात काठावरचे रहिवासी स्वयंसेवक म्हणून पाण्याचे नमुने पाठवतात, आणि दोरीला बांधलेली काळीपांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते ते नोंदवतात. घर दाखवणारा दलाल जे सांगत नाही ते या नोंदींत सापडते.

कवार्थाकडे वळवण्याचे श्रेय मी पीटरबरोच्या लिफ्ट लॉकला देते. १९०४ मध्ये सुरू झालेला हा बोटींचा पाळणा आहे; दोन प्रचंड टाक्या, एक वर आणि एक खाली, वरच्या टाकीत फूटभर पाणी जास्त घेतले की तिच्या वजनाने ती खाली येते आणि दुसरी वीस मीटर वर जाते. विजेची मोटार नाही, सगळे पाण्याच्या वजनावर. माझा मुलगा तिथून हलेना. आईंनी त्या दिवशी कठड्यापर्यंत चालत येऊन तीन बोटी चढताना पाहिल्या, आणि तेव्हा प्रथमच मला दिसले की त्या चालत आल्या आहेत. जमीन सपाट होती. त्याच संध्याकाळी पिजन लेकवरचे एक घर पाहिले. घर सामान्यच, छत बुटके. पण दारातून निघून हिरवळीवरून पाण्यापर्यंत एकही पायरी नव्हती. आई काठापर्यंत गेल्या, चपला काढल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. मे, जून, जुलै असे तीन महिने आम्ही ज्यांना गाडीत बसवून ठेवले होते त्यांना कंटाळा आला नव्हता. आम्ही निवडलेल्या एकाही काठावर त्यांना जाता येत नव्हते. कवार्थाचा दक्षिण भाग चुनखडीचा आहे, ग्रॅनाइट त्याच्या उत्तरेला सुरू होतो, आणि ज्या सपाटपणाला लोक ‘खरे उत्तर नव्हे’ म्हणतात तोच त्या चुनखडीमुळे आहे. मुलूख तिथे ठरला.

रस्त्याचाही हिशेब जुळला. पूर्वेकडे जाणारा चारशे सात महामार्ग आता पस्तीस आणि एकशे पंधरा या रस्त्यांपर्यंत पोहोचतो, आणि त्याच्या पूर्वेकडच्या सरकारी टप्प्यावरचा टोल जून २०२५ पासून उठला आहे. मिसिसागाकडच्या टप्प्याचा टोल मात्र अजूनही डोळ्यांत पाणी आणतो.

या तळ्यांकाठी एक गोष्ट अशी घडली आहे जी आमच्यासारख्या नव्या माणसांनी समजून घेऊनच तिथे जावे. पिजन लेकच्या परिसरात पाण्यात उगवणारा जंगली तांदूळ आहे. इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक त्याला मनोमिन म्हणतात. जलमार्गासाठी पातळी चढवली तेव्हा तो बराचसा बुडाला, आणि कर्व्ह लेक इथल्या मूळ रहिवाशांनी तो पुन्हा पेरून वाढवला. काही कॉटेजवाल्यांची तक्रार होती की त्याने धक्के अडतात, होड्या अडकतात आणि किमती पडतात. १९२३ च्या विल्यम्स करारांनी या साऱ्या मुलखावरचे मूळ लोकांचे शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क काढून घेतले गेले होते. २०१८ मध्ये त्यावर समझोता झाला, सरकारने माफी मागितली आणि ते हक्क मान्य केले. कर्व्ह लेकचे लोक मिसिसागा जमातीचे. ज्या शहराचे नाव मी गेली सतरा वर्षे पत्त्यात लिहिते आहे ते नाव ज्यांचे, ती माणसे मला पहिल्यांदा नकाशावर सापडली ती सुटीचे घर शोधताना. धक्क्यासमोर भात उगवतो म्हणून तक्रार करणे हे निदान भातखाऊ माणसाला शोभणार नाही, एवढे आम्ही घरात ठरवले आहे.

मुलूख ठरल्यावर कागद सुरू झाले, आणि तिथे मला माझ्या वडिलांची फार आठवण आली. ते मोजणी खात्यात होते. ओंटारियोत जमिनींची मूळ आखणी झाली तेव्हा पुष्कळ तळ्यांच्या काठाने ६६ फुटांची पट्टी सार्वजनिक रस्त्यासाठी राखून ठेवली गेली. रस्ता बहुतेक ठिकाणी कधी झालाच नाही. पण पट्टी सरकारी राहिली, आणि लोकांनी तिच्यावर होडीघरे बांधली, काहींनी तर राहते घरच. आज तुम्ही ‘तळ्याकाठचे घर’ म्हणून जे विकत घेता त्याचा काठ तुमचा असेलच असे नाही. आधीच्या मालकाने ती पट्टी गावाकडून रीतसर विकत घेतली आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे लागते. ६६ फूट म्हणजे इंग्रजी मोजणीची एक साखळी. आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. वडील ज्या मापाने बार्शी तालुक्यातले बांध मोजत फिरले त्याच मापाच्या पट्टीवर त्यांच्या मुलीचे कॉटेज अडले आहे, हे त्यांना सांगता आले असते तर बरे झाले असते. जलमार्गाच्या तळ्यांवर आणखी एक मालक असतो: पाण्याखालची जमीन केंद्र सरकारची, म्हणून धक्का बांधायला केंद्राच्या पार्क्स कॅनडा या संस्थेची परवानगी लागते.

बाकीचे थोडक्यात. खासगी रस्ता असेल तर वर्गणी किती आणि बर्फ कोण काढतो ते लेखी घ्यावे. लाकडाची शेकोटी असेल तर विमा कंपनी तपासणीचा दाखला मागते. पुष्कळ गावांत घर पाहुण्यांना भाड्याने द्यायला आता परवाना लागतो, तेव्हा ‘भाड्यातून हप्ता निघेल’ असे सांगणाऱ्याला परवान्याबद्दल विचारावे. आणि कर: १९८२ पासून एका कुटुंबाला एका वर्षासाठी एकच घर ‘मुख्य निवास’ म्हणून दाखवता येते, त्यामुळे पुढे कॉटेज विकताना किंवा मुलांना देताना वाढलेल्या किमतीवर बहुधा कर भरावा लागणार हे धरूनच चालावे. माझ्या नवऱ्याने यासाठी एक लांबलचक तक्ता केला आहे, जो तो सोडून कुणी उघडत नाही.

आज आमच्या यादीत तीन तळी उरली आहेत, घर एकही नाही. एप्रिलच्या अखेरीस बर्फ फुटला की लगेच जाऊन यायचे आहे, कारण हिवाळ्यात बर्फाने कुठले धक्के मोडले ते तेव्हाच दिसते. जुलैअखेर पिजन लेकवर दोन आठवड्यांसाठी एक कॉटेज भाड्याने घेतले आहे. वनस्पती सर्वांत दाट असतील, बोटी सर्वांत जास्त असतील आणि डासही असतील, म्हणून मुद्दाम तेच दिवस निवडले. आईंना व्हिडिओ कॉलवर हे सगळे सांगितले, नकाशा दाखवला, पाण्याची पातळी, गावाची पट्टी, महामार्ग, सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘कपडे वाळत घालायला दोरी बांधू देतात का तिथं?’ ते मी अजून विचारलेले नाही.